मळे आली नि मळे भिजले

बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या ह्या घराच्या सोप्यात जातं अजून आहे, आता त्याच्यावर कोण दळत नाही, पण खुंटा बघा, हात लागून लागून कसा गुळगुळीत झालाय. आत्याला म्हटलं एक ओवी म्हण की, तर शब्दच आठवेनात. मग बसली, खुंटा धरला, दोन फेरे रिकामेच फिरवले आणि मग आपसूक आली ओवी. म्हणजे लय तोंडात नव्हतीच, हातात होती.

ज्ञानेश्वरीतली ओवी, 1290 सालची, चार चरणांची. पहिले तीन यमकानं जुळतात, चौथा आखूड, म्हणून साडेतीन चरणांची म्हणतात. जात्यावरची तेवढी नियमात बसत नाही, म्हणणारीच्या दमाप्रमाणं लांबते नाहीतर आखूड होते. आणि कानडी घरातल्या बायका दळताना त्रिपदी म्हणायच्या, तीन ओळींची, कन्नड कवी सर्वज्ञाची वचनं पण त्रिपदीतच आहेत.

अभंगात मात्र अक्षरांची मोजणी आली. "सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया." मोजा बोटाच्या पेरांवर, 6, 6, 6 आणि शेवटी 4. भाचीनं मोजलं तर पहिल्याच चरणात 7 भरले, कारण 'ध्या' तिनं दोन धरला होता. जोडाक्षर एकच मोजायचं. आणि यमक कुठं आहे ऐकलं का, विटेवरी, कटावरी, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला.

बाकीचे प्रकार पटकन सांगतो. सुनीत 14 ओळींचं, केशवसुतांनी इंग्रजीवरनं मराठीत आणलं. गझलेत दोन दोन ओळींचे शेर, काफिया म्हणजे यमक आणि रदीफ म्हणजे त्याच्या मागनं दरवेळी तसाच येणारा शब्द. मुक्तछंदात अक्षरांची मोजणी नाही पण लय लागतेच, बाराव्या शतकातल्या बसवेश्वरांच्या कन्नड वचनांना पण ठरलेलं वृत्त नाही, मोठ्यानं वाचून बघा, कसली लय आहे.

इंदिरा संत ह्याच बेळगावात राहून लिहायच्या, 'गर्भरेशीम'ला 1984 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्याकडं गावोगावी साहित्य संमेलनं होतात, तिथं कवितेला माणसं खाली सतरंजीवर बसून असतात, मला ते फार आवडतं.

भाचीला तिथंच वाचायचंय म्हणे. वहीत तिनं लिहिलंय, "मळे आली नि मळे भिजले." कानडीत मळे म्हणजे पाऊस आणि मराठीत मळे म्हणजे, बघताय ना, ते समोर ऊस आहे ते. अक्षरं तीच आणि अर्थ दुसरा, अलंकारात ह्याला पण यमकच म्हणतात. तिला हे माहीत नव्हतं, तिनं नुसतं खिडकीतनं बघून लिहिलं.