कार्ल्याच्या चैत्यगृहात उजेडाचा हिशेब

(दृश्य : कार्ल्याचा डोंगर, पायऱ्यांवरून चढणारे भाविक, एकवीरा आईच्या देवळाभोवतीची वर्दळ. कॅमेरा वळून चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर स्थिरावतो.)

पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात, लोणावळ्यापासून थोड्याच अंतरावर, कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईच्या दर्शनाला भाविकांची रीघ लागलेली असते. देवळाला अगदी खेटून, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कातळात खोदलेले चैत्यगृह आहे आणि दर्शन आटोपून खाली उतरण्याआधी बरेच जण तिथे डोकावतात. आत शिरले की हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो. मागाहून पडद्यावर पाहावे, तर एका छायाचित्रात स्तंभ उत्तम दिसतात, पण दाराच्या जागी नुसता पांढराफटक चौकोन उरलेला असतो. दुसऱ्यात अंगण आणि त्यातली माणसे सुरेख आलेली असतात, पण आतले सगळे काळेकुट्ट असते. कॅमेरा बिघडलेला नसतो. उजेडात इतके अंतर असताना त्यातले काय राखायचे आणि काय सोडायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

(दृश्य : चैत्यगृहाचा अंतर्भाग. स्तंभांची रांग, शेवटी स्तूप, वर लाकडी कमानी.)

हे दालन सुमारे 38 मीटर लांब आणि 14 मीटर उंच आहे. आत एकूण 37 स्तंभ आहेत. त्यांपैकी दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा स्तंभ शीर्षांवरच्या शिल्पांनी सजलेले आहेत आणि स्तूपामागचे सात अगदी साधे आहेत. छताच्या लाकडी कमानी आणि स्तूपावरची लाकडी छत्री अजून टिकून आहेत. वैजयंती नगरातल्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे व्यापाऱ्याने, हे शैलगृह पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे इथल्या शिलालेखात कोरलेले आहे. छायाचित्रकाराच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की चैत्यगृहाचे तोंड पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीशी असतो, तेव्हा दर्शनी भाग सावलीत राहतो आणि आत जेमतेम उजेड पोहोचतो. दुपार कलल्यावर मात्र वरच्या मोठ्या चैत्यगवाक्षातून येणारा प्रकाश वाढत जातो. म्हणजे कॅमेऱ्याचे एकही बटण न दाबता घेता येणारा पहिला निर्णय वेळेचा आहे आणि तो बाकीच्या निर्णयांपेक्षा स्वस्त पडतो.

उजेडातला फरक छायाचित्रकार स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप वाढला म्हणजे उजेड दुप्पट झाला, एक कमी झाला म्हणजे निम्मा झाला. स्वच्छ उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याने टिपलेला संकेत किती मोठा करायचा त्याचे माप) 100 असेल, तर एफ/16 (प्रकाशाच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तसे छिद्र लहान) आणि 1/100 सेकंद (शटर उघडे राहण्याचा वेळ) हा फिल्मच्या काळापासून चालत आलेला ठोकताळा आजही बरोबर उतरतो. आता स्तूपाजवळ कॅमेऱ्याच्या मीटरने, म्हणजे प्रकाशमापकाने, आयएसओ 1600, एफ/2.8 आणि 1/60 सेकंद असे उत्तर दिले, असे धरू. दोन्ही उत्तरे आयएसओ 100 आणि एफ/2.8 वर आणून पाहिली, तर बाहेर 1/3200 सेकंद पुरतो आणि आत जवळपास पाव सेकंद लागतो. हा फरक आठशे पटींहून जास्त, म्हणजे दहा स्टॉपना थोडासाच कमी झाला, आणि तोही दोन्हीकडच्या मध्यम उजळ गोष्टींमधला. त्यात बाहेरच्या उन्हातले पांढरे सदरे आणि आतल्या कोपऱ्यांतला काळोख मिळवला, की आजच्या चांगल्या सेन्सरची (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाची) चौदाएक स्टॉपची झेपसुद्धा अपुरी पडते. आपल्या डोळ्यांना हे जाणवत नाही, कारण नजर दाराकडून स्तूपाकडे वळते तशी बाहुली लहानमोठी होत राहते आणि मेंदू सगळे तुकडे जुळवून घेतो. कॅमेऱ्याला मात्र सगळी चौकट एकाच मापाने घ्यावी लागते.

(दृश्य : स्तंभाचा काळसर कातळ अगदी जवळून. छिन्नीच्या खुणा.)

हे माप तो कसे ठरवतो, ते कातळापाशीच समजून घ्यावे. कॅमेऱ्यातले मीटर वस्तूवरून परत आलेला प्रकाश मोजते. समोरची वस्तू मुळात काळी आहे की गोरी, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून समोर जे आहे ते सरासरीने मध्यम करडे असावे, पडलेल्या प्रकाशापैकी साधारण 18 टक्के परत पाठवणारे असावे, असे ते गृहीत धरते. सह्याद्रीचा बेसॉल्ट यापेक्षा काळा असतो. त्याने चौकट भरली, की मीटरला वाटते उजेड कमी आहे, आणि ते जास्तीचा उजेड घेऊन कातळाला राखाडी, फिकट, सिमेंटसारखा करून टाकते. उलट पांढरे कपडे घातलेल्या माणसांच्या घोळक्याने चौकट भरली, की तेच मीटर उजेड कमी करून पांढऱ्याला मळकट बनवते. त्यामुळे काळा दगड घेताना एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचे (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याचे) चाक उणे एक स्टॉपच्या आसपास न्यावे लागते आणि पांढऱ्यासाठी अधिक एक किंवा त्याहून थोडे पुढे. काळ्याला उजेड कमी आणि पांढऱ्याला जास्त हे पहिल्यांदा ऐकताना उफराटे वाटते, पण दोन-चार छायाचित्रे घेतल्यावर हाताला त्याची सवय होते.

1983 मध्ये निकॉनच्या एफए कॅमेऱ्याने चौकटीचे भाग पाडून प्रत्येक भाग वेगळा मोजण्याची पद्धत आणली आणि आज जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात तिचेच वंशज आहेत. ती बरीच हुशार झाली आहे. तरीही काळोखी दालनात मधोमध उजळ दार असेल, तर ती काय ठरवेल याचा नेम नसतो. अशा ठिकाणी स्पॉट मीटरिंग कामाला येते, कारण त्यात चौकटीचा दोन-तीन टक्क्यांचा ठिपकाच मोजला जातो. तो ठिपका स्तूपाच्या उजेडातल्या बाजूवर ठेवून वाचन घ्यावे, ते लॉक करावे आणि मग चौकट हवी तशी जुळवावी.

माप ठरले, तरी ते भरून काढण्याचे मार्ग अनेक असतात. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र. 50 मिलिमीटरच्या लेन्सला एफ/2 वर 25 मिलिमीटर व्यासाचे छिद्र मिळते आणि एफ/4 वर साडेबारा मिलिमीटरचे. व्यास निम्मा झाला, की क्षेत्रफळ चौथा हिस्सा राहते, म्हणून या दोहोंत दोन स्टॉपचे अंतर असते. छिद्र मोठे ठेवले तर उजेड भरपूर मिळतो, पण पुढचा स्तंभ तीक्ष्ण आणि मागचा स्तूप धूसर होतो, आणि या दालनात तर सगळी मजाच खोलीची आहे. म्हणून एफ/8 च्या जवळपास राहणे बरे. एफ/16, एफ/22 पर्यंत छिद्र आवळण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तिथे प्रकाशाच्या विवर्तनामुळे प्रत्येक बिंदू पसरतो. एफ/16 वर हा पसारा सुमारे 21 मायक्रॉनचा होतो, आणि 24 मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (पूर्ण आकारापेक्षा लहान) सेन्सरचा एक पिक्सेल जेमतेम चार मायक्रॉनचा असतो.

शटरचा प्रश्न हाताच्या कंपाचा आणि समोरच्या हालचालीचा असतो. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर 50 मिलिमीटरची लेन्स हातात धरून 1/50 सेकंदाच्या खाली जाऊ नये, हा जुना नियम स्टॅबिलायझेशनने बराच सैल केला आहे आणि स्तंभांसाठी 1/8 सेकंदसुद्धा हाती निभावतो. पण स्टॅबिलायझेशन कॅमेऱ्याचा कंप थांबवते, चालणाऱ्या माणसाला थांबवत नाही. प्रदक्षिणा घालणारा माणूस स्पष्ट हवा असेल, तर 1/125 सेकंद तरी लागेलच. उलट माणसे नकोच असतील, तर कॅमेरा स्थिर ठेवून आयएसओ 100 आणि एफ/8 वर दोन सेकंदांचे एक्सपोजर द्यावे. त्यात येणारेजाणारे विरून जातात आणि दगड मात्र खणखणीत उमटतो. ट्रायपॉड लावायचा असेल, तर पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित स्मारकांत आधी परवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर पिशवी जमिनीवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. तेवढ्यावरही काम भागते.

फ्लॅशचा इथे उपयोग नाही, हे एका वाक्यात सांगून पुढे जाता येईल, पण कारण पाहण्यासारखे आहे. गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) 12 असलेला अंगचा छोटा फ्लॅश आयएसओ 100 आणि एफ/4 वर तीन मीटरपर्यंतच पुरतो, आणि हे दालन 38 मीटर लांब आहे. जवळचे दोन स्तंभ भाजून निघतात आणि स्तूप होता तसाच काळोखात राहतो.

(दृश्य : एकाच चौकटीची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी. एक आयएसओ 100, दुसरे आयएसओ 6400. सावलीचा भाग मोठा करून.)

आयएसओविषयी एक गैरसमज फार पक्का आहे. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर एकही जास्तीचा किरण पडत नाही; जमा झालेला संकेत फक्त मोठा केला जातो. सावलीत दिसणारी खरखर, जिला सगळे नॉइज म्हणतात, मुख्यतः उजेडच कमी मिळाल्यामुळे येते. प्रकाशाचे कण मोजून-मापून येत नाहीत, त्यांच्या येण्यात चढउतार असतो, आणि तो संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. एका पिक्सेलवर 10,000 कण आले, तर चढउतार शंभराचा, म्हणजे एक टक्का. शंभरच कण आले, तर चढउतार दहाचा, म्हणजे तब्बल दहा टक्के. यावरून असा निष्कर्ष निघतो, की आधी शटर आणि अ‍ॅपर्चरमधून मिळेल तेवढा उजेड घ्यावा आणि उरलेली तूट आयएसओने भरून काढावी. खरखरीला भिऊन 1/15 सेकंदावर माणसांची छायाचित्रे काढणाऱ्याला आयएसओ कमी ठेवल्याचे समाधान मिळते, छायाचित्र मिळत नाही. खरखर सॉफ्टवेअरमध्ये बरीच कमी करता येते. हललेले छायाचित्र नीट करता येत नाही.

आता मूळ प्रश्न : दार राखायचे की दालन? फिल्मच्या काळात निगेटिव्हवर काम करणारे सावलीला पुरेसा उजेड मिळेल याची आधी काळजी घेत आणि उजळ भाग डेव्हलपिंगच्या वेळी आटोक्यात आणत. 1940 च्या सुमारास अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी मांडलेल्या झोन सिस्टिमचा पायाही हाच होता. डिजिटलमध्ये हे गणित उलटते. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल ठरावीक मर्यादेपर्यंतच भरतो. ती ओलांडली, की त्या जागी फक्त पांढरे उरते आणि कोणत्याही सॉफ्टवेअरला तिथून तपशील काढता येत नाही. सावलीत मात्र खरखरीसह का होईना, काहीतरी नोंदलेले असते. म्हणून राखायच्या भागांपैकी सर्वांत उजळ भाग जळणार नाही, इतपतच उजेड घ्यायचा आणि सावल्या नंतर उचलायच्या. ‘राखायच्या भागांपैकी’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. गवाक्षाच्या जाड लाकडी पट्ट्यांमधून दिसणारे आकाश पांढरे झाले तर काही बिघडत नाही. त्याच पट्ट्यांच्या कडा विरघळल्या तर चित्र फसते.

हे तपासायचे तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर विसंबू नये. अंधाऱ्या दालनात तो पडदा डोळ्यांना झगझगीत वाटतो आणि कमी उजेडाचे छायाचित्रही पुरेसे उजळ भासते. तेच बाहेर उन्हात पाहिले तर काळे वाटते. हिस्टोग्राम, म्हणजे छायाचित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत किती काय आहे ते दाखवणारा आलेख, मात्र दोन्हीकडे एकच दिसतो. डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे, आणि उजव्या भिंतीला आलेख चिकटला म्हणजे काहीतरी जळाले. हा आलेख बहुतेक कॅमेऱ्यांत जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने नोंदलेल्या मूळ माहितीत, उजळ बाजूला अजून थोडी जागा शिल्लक असते, हेही ध्यानात ठेवावे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, तर 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384; सावल्या उचलायच्या असतील, तर रॉशिवाय गत्यंतर नाही.

ब्रॅकेटिंग करून, म्हणजे उणे दोन, शून्य आणि अधिक दोन अशी तीन छायाचित्रे घेऊन, ती नंतर एकत्र करता येतात. तंत्र चांगले आहे, पण त्याचा अतिरेक इथे विशेष बोचतो. काळोखाचा प्रत्येक कोपरा उजळून, स्तंभांना सोनेरी झिलई देऊन केलेली चित्रे पाहिली, की हे डोंगरात खोदलेले दालन आहे की लग्नाचा हॉल, असा प्रश्न पडतो. बाजूच्या वाटांत काळोख असतो म्हणूनच स्तूप उठून दिसतो. तो काळोख काळाच राहू द्यावा. आणि मॅन्युअल मोडवर, म्हणजे सगळी मापे हाताने ठरवून, काम करणे हा काही पराक्रम नव्हे. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचे, शटर कॅमेऱ्याने) आणि कॉम्पेन्सेशनचे चाक एवढ्यावर यातले बहुतेक सगळे साधते.

(दृश्य : अंगणातून दालनाकडे चालत जाणारा कॅमेरा. उंबरठ्यावर दृश्य तुटते.)

चलचित्रात मात्र मॅन्युअलला पर्याय नाही, कारण तिथे शटर मोकळे राहत नाही. सेकंदाला 25 चौकटींच्या चित्रणात हालचाल स्वाभाविक दिसावी म्हणून ते 1/50 सेकंदावर ठेवतात. शिवाय आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने त्या गतीला दिव्यांची फडफडही टळते. एफ/4 वर ठरायचे म्हटले, तर बाहेरच्या उन्हात आयएसओ 100 ठेवूनही उजेड 32 पटींनी कमी करणारा एनडी फिल्टर लेन्सवर चढवावा लागतो, आणि आत येताच तो काढून आयएसओ 3200 पर्यंत जावे लागते. हे चालता चालता जमत नाही. ऑटो आयएसओवर सोडले, तर उंबरठा ओलांडताना पडदा आधी काळा पडतो आणि मग हळूहळू उजळतो, आणि पाहणाऱ्याचे लक्ष स्तंभांवरून उडून त्या बदलाकडे जाते. म्हणून अंगण आणि दालन ही दोन दृश्ये वेगवेगळ्या मापांनी चित्रित करून उंबरठ्यावर जोडलेली आहेत.