फोटो काढला, पण पाहिला का?

मंडळी, विषय ठरलाय घरातल्या सक्युलंटचे, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या रोपांचे, फोटो. त्याकडे येतोच, पण आधी एक सल बोलून टाकतो. फोटो छान यावा म्हणून पानांवर स्प्रेने पाणी मारतात ना, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. एचेव्हेरिया या सक्युलंटची पानं पाकळ्यांसारखी एकावर एक असतात. मधल्या खळग्यात पाणी साचून राहिलं की रोप गाभ्यातूनच कुजायला लागतं. शिवाय पानांवर द्राक्षावर असते तशी पांढुरकी झाक असते. तिला धूळ समजून पुसणारेही आहेत. अहो, ते मेण आहे! कडक उन्हापासून रोपाला जपणारं. बोट लागलं की त्या जुन्या पानावर ते पुन्हा धरत नाही, पान गळेपर्यंत ठसा तसाच राहतो.

लिथॉप्स, म्हणजे दोनच जाड पानांचं, खड्यासारखं दिसणारं सक्युलंट, कुणाकुणाकडे आहे? हात वर करा. आणि पाणी घालून कुणी मारलंय? बघा, हात तेवढेच!

1811 साली विल्यम बर्चेल हा इंग्रज निसर्गअभ्यासक दक्षिण आफ्रिकेत विचित्र आकाराचा खडा म्हणून जे उचलायला गेला, ते हे रोप. माझ्याकडचं दोन वर्षं ठणठणीत होतं. एक दिवस बघतो तर दोन्ही पानं सुरकुतलेली, मधली फट रुंदावलेली. वाटलं, तहानलंय. भरपूर पाणी दिलं, चार दिवसांनी पुन्हा दिलं. आठवड्याभरात हात लावला तर अतिपिकल्या फळासारखं मऊ. आत नवी जोडी वाढत होती आणि जुन्या पानांतलंच पाणी ओढून घेत होती. जुनी पानं सुकायलाच हवी होती. मी त्यात वरून पाणी ओतलं.

खूप हळहळलो. मग फोनमधले जुने फोटो चाळले. तीन आठवड्यांपूर्वीच्या फोटोत त्या फटीत नव्या पानांची कड स्वच्छ दिसत होती. फोटो मी काढला होता, नीट पाहिला नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी त्याच खिडकीत, तेवढ्याच अंतरावरून, शेजारी पट्टी ठेवून प्रत्येक रोपाचा फोटो काढतो. दोन पानांमधलं अंतर वाढत चाललं, म्हणजे उजेड कमी पडतोय. रोज बघणाऱ्या डोळ्यांना ते कळत नाही, चार फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो. फ्लॅश नको, मेणाची झाक पांढरीफटक पडते. खिडकीतून आडवा येणारा उजेड घ्या, मध्ये पातळ पांढरा कपडा, सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा. एचेव्हेरिया बरोबर वरून टिपा. कॅमेरा असेल तर अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, एफ 8 ते एफ 11, शिवाय ट्रायपॉड आणि टायमर. निळसर-करडे रंग बिघडतात, म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग खरे ठेवणारी सेटिंग, आधी पांढऱ्या कागदावर लावून घ्या.

हॉवर्थिया कूपरी या सक्युलंटला मात्र उजेड मागून द्या. पानांची टोकं पारदर्शक असतात, तिथून प्रकाश थेट आत उतरतो. एक कुंडी इथे टेबलावर ठेवलीय. जाताना मागे टॉर्च धरून बघा, पानाच्या आतल्या हिरव्या रेषा मोजता येतील. फक्त बोट लावू नका.