निपाणीची तंबाखू, टिळकवाडीची लस आणि गोठ्यामागची टाकी

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि श्रोतेहो,

आजच्या निमंत्रणपत्रिकेत जीवाणू, विषाणू आणि आर्किया अशी तीन नावे आहेत. त्यांतले तिसरे नाव मी आग्रहाने घालायला लावले. पहिल्या दोघांविषयी आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तिसऱ्याची ओळख मात्र पदवीधरांनाही नसते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. हे तिघे म्हणजे एकाच जातीचे लहान, मध्यम आणि मोठे जीव नव्हेत. त्यांची घडण मुळातच वेगळी आहे आणि म्हणून त्यांच्यावरचे इलाजही वेगळे आहेत, एवढेच मला आज सांगायचे आहे.

जीवाणूंविषयी थोडक्यात बोलतो. जीवाणू ही एक पूर्ण पेशी असते. साधारण एक-दोन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा-पाचशेवा भाग, एवढ्या लांबीच्या त्या पेशीत केंद्रक, म्हणजे जनुकद्रव्याची वेगळी बंद कोठडी, नसते. पण जनुकद्रव्य असते, प्रथिने घडवणारे रायबोसोम असतात आणि बहुतेकांभोवती पेप्टिडोग्लायकन या पदार्थाची भक्कम भित्तिका असते. अन्न आणि ऊब मिळाली, तर काही जीवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. रात्री लावलेल्या विरजणाचे सकाळी दही होते ते याच वेगामुळे.

विषाणूंची गोष्ट मात्र मी तंबाखूसाठी प्रसिद्ध असलेल्या निपाणीपासून सुरू करणार आहे. सभागृहात निपाणी-चिकोडीकडची बरीच मंडळी दिसतात, त्यांना ती अधिक जवळची वाटेल. तंबाखूच्या पानावर फिकट आणि गडद हिरव्या रंगाचे ठिपके उमटतात, पान सुरकुतते, झाडाची वाढ खुंटते. हा मोझॅक रोग होय. विषाणू नावाचे काही अस्तित्वात आहे, हे जगाला पहिल्यांदा कळले ते तंबाखूच्या याच रोगामुळे. त्या काळी चेंबरलँड यांची चिनीमातीची गाळणी प्रसिद्ध होती. तिची छिद्रे इतकी बारीक होती, की जीवाणू तिच्यात अडकून राहत. दिमित्री इवानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये रोगट पानांचा रस या गाळणीतून गाळला आणि तो गाळीव, स्वच्छ रस निरोगी पानांना लावला. त्या पानांनाही रोग झाला. गाळणीतून जीवाणूंचे एखादे विष उतरले असावे किंवा फार लहान जीवाणू सुटले असावेत, अशी त्यांची समजूत झाली. १८९८ मध्ये हॉलंडच्या मार्टिनस बायरिंक यांनी हाच प्रयोग पुढे नेला. एका झाडाचा रस दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला असे करत गेले तरी रोगाचा जोर कमी होत नव्हता. नुसते विष असते, तर ते प्रत्येक वेळी पातळ होत गेले असते. याचा अर्थ ते वाढत होते, आणि तेही फक्त वनस्पतीच्या जिवंत, वाढत्या भागात; बाटलीतल्या खाद्यद्रवात ते वाढत नव्हते.

पुढचा धक्का १९३५ चा आहे. अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी या विषाणूचे मिठासाखरेचे व्हावेत तसे स्फटिक मिळवले, आणि ते स्फटिक पाण्यात विरघळवून पानाला चोळले असता रोग पुन्हा उभा राहिला. या कामासाठी त्यांना १९४६ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आज आपल्याला ठाऊक आहे, की हा विषाणू म्हणजे सुमारे ३०० नॅनोमीटर (मायक्रोमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी) लांबीची एक काडी आहे. आत आरएनए या जनुकद्रव्याचा एक धागा आणि भोवती एकाच प्रथिनाच्या दोन हजारांहून अधिक प्रतींचे आवरण. त्याला स्वतःचे रायबोसोम नाहीत आणि ऊर्जा निर्माण करण्याची सोयही नाही. पानाच्या पेशीत शिरल्यावर तो त्या पेशीच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती करून घेतो. शेंडे खुडणाऱ्याच्या हाताला लागलेल्या रसातून तो पुढच्या झाडावर जातो आणि सुकवलेल्या तंबाखूतही टिकून राहतो. म्हणूनच तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, काम करताना तंबाखू खाऊ नये, विडी ओढू नये आणि हात साबणाने धुवावेत, असे सांगितले जाते. शेतकऱ्यांनी हा सल्ला मनावर घ्यावा.

तंबाखूवर बराच वेळ गेला, तरी बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोविषयी बोलल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. आपल्यापैकी पुष्कळजण त्या झाडीत सकाळी फिरायला जातात. तेथे पूर्वी देवीची लस तयार होत असे. त्या काळी वासराच्या कातडीवर लशीचा विषाणू वाढवीत, पण कातडीवरून खरवडलेल्या द्रवात जीवाणूही येत. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये सिडनी कोपमन यांनी दाखवून दिले, की त्या द्रवात ग्लिसरीन मिसळून तो काही आठवडे ठेवला, तर जीवाणू मरतात आणि लशीचा विषाणू मात्र शाबूत राहतो. जीवाणू आणि विषाणू यांच्यातला फरक इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला ठाऊक नाही. अशा लशींच्या बळावरच देवीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा १९८० मध्ये होऊ शकली.

माझी तक्रारही येथेच सांगतो. गेल्या पावसाळ्यात घरात सर्दी-तापाची साथ होती, तेव्हा एका औषधाच्या दुकानातून चिठ्ठी न पाहताच प्रतिजैविकाच्या गोळ्या हातात ठेवल्या गेल्या. पेनिसिलिन जीवाणूची भित्तिका बांधू देत नाही. विषाणूला भित्तिकाच नसते. मग त्या गोळ्या साध्या सर्दीच्या विषाणूचे काय करणार? पोटातले उपयोगी जीवाणू मात्र त्यांनी मरतात आणि जे तगतात ते औषधाला दाद देईनासे होतात.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. आर्कियांचे आता भराभर सांगतो.

१९७७ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी निरनिराळ्या जीवांच्या रायबोसोममधील आरएनए ताडून पाहिले. मिथेन हा जळणारा वायू तयार करणारे सूक्ष्मजीव तोवर जीवाणूंतच गणले जात. त्यांचा आरएनए जीवाणूंशी जुळेना आणि आपल्यासारख्या केंद्रकवाल्या पेशींशीही जुळेना. हीच जीवसृष्टीची तिसरी शाखा, आर्किया. सूक्ष्मदर्शकाखाली ते जीवाणूंसारखेच दिसतात, परंतु त्यांच्या पेशीपटलातील स्निग्ध पदार्थांची रासायनिक जोडणी निराळी असते आणि भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्यांच्यावर चालत नाही. जनुकांची नक्कल करणारी त्यांची यंत्रणा तर जीवाणूंपेक्षा आपल्या पेशींच्या अधिक जवळची आहे. माणसाला रोग करणारा आर्किया अजून सिद्ध झालेला नाही.

खानापूर, हुक्केरीकडच्या ज्यांच्या गोठ्यामागे गोबरगॅसची टाकी आहे, त्यांनी आर्किया प्रत्यक्ष पाळलेलेच आहेत. टाकीतले जीवाणू शेणाचे विघटन करून आम्ले, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बनवतात. त्यांपासून मिथेन करण्याचे काम आर्किया करतात. प्राणवायू त्यांना सोसत नाही, म्हणून टाकी हवाबंद लागते. थंडीत त्यांचे काम मंदावते आणि शेगडीची आच कमी होते. नव्या टाकीत चालू टाकीतली स्लरी, म्हणजे शेणाचा पातळ काला, घालतात, ती हे सूक्ष्मजीव आयते मिळावेत म्हणून. खरकटे एकदम जास्त पडले, तर जीवाणू झपाट्याने आम्ल करतात, आर्कियांना ते तितक्या वेगाने संपवता येत नाही, टाकी आंबते आणि गॅस थांबतो. अशा वेळी काही दिवस टाकीत काहीही घालू नये. साठलेले आम्ल आर्कियांनी संपवले, की गॅस पुन्हा सुरू होतो.