फ्रिजवरचा कागद

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आहे स्तनाचा कर्करोग आणि आहार. विषय ऐकून काही जणी वही-पेन घेऊन बसल्या असतील, काय खायचं आणि काय टाळायचं ते पटापट उतरवून घ्यायला. पेन जरा खाली ठेवा. आधी एका यादीची गोष्ट सांगते, मग लागेल ते लिहून घ्या. फार लागणार नाही.

माझ्या मावशीला हा आजार झाला तेव्हा तिची साठी उलटली होती. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. तिसऱ्या केमोनंतर मी तिच्याकडे गेले. दार तिनेच उघडलं. केस गेलेले असणार हे मी धरूनच चालले होते. पण कडी काढायला तिने हात वर केला आणि मनगटावरचं घड्याळ घसरत थेट कोपरापर्यंत गेलं. तेवढं पाहून माझ्या पोटात गोळा आला.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर फ्रिजच्या दारावर एक कागद. वर लाल शाईत ‘बंद’ आणि खाली ओळीने नोंदी. आता मावशीबद्दल एक सांगायला हवं. तिची सगळी नोकरी आवक-जावक विभागात गेली. भेटायला येणाऱ्या माणसांचा सल्लाही तिने तसाच आवक करून घेतला होता: तारीख, जिन्नस, सांगणारा. साखर बंद, अमुक वहिनी. दूध बंद, शेजारच्या काकू. अंडी बंद, धाकटे दीर. गहू, आंबट, आंबवलेलं, रात्री फळं. मी मोजल्या, तेवीस ओळी! आवक भरपूर, जावक शून्य.

म्हटलं, “मावशी, मग तू खातेस काय?”

“भाज्या उकडून त्याचं पाणी. सकाळी, दुपारी, रात्री. आणि तेही कुठे जातंय गं? सगळं पितळ चाटल्यासारखं लागतं.”

वजन उतरलेलं, रक्तातल्या पेशीही उतरलेल्या. पुढची केमो डॉक्टरांनी आठवडाभर पुढे ढकलली होती. आणि घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं की पथ्य कडक चाललंय, म्हणजे सगळं नीट चाललंय.

(भेटायला जाणाऱ्यांना माझी एक विनंती. फुलं न्या, मासिक न्या, काहीच नाही नेलंत तरी चालेल. पण ‘माझ्या ओळखीत एकीने ना...’ असं सुरू होणारं वाक्य दाराबाहेर चपलांपाशी ठेवून आत जा.)

मी पेन्सिल घेतली आणि आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. पहिली ओळ, साखर. या समजुतीचं मूळ जुनं आहे. १९२०च्या दशकात ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं की कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज भराभर वापरतात. ते खरंच आहे. पण ग्लुकोज मेंदूलाही लागतं, हृदयालाही लागतं. तुम्ही साखर खाल्ली नाहीत तर यकृत ती बनवतं, आणि वेळ पडली तर तुमच्याच स्नायूंच्या प्रथिनांतून बनवतं. घड्याळ कोपरापर्यंत का घसरत होतं, कळलं ना? साखर तोडून गाठ उपाशी राहत नाही. पुन्हा सांगते, साखर तोडून गाठ उपाशी राहत नाही. वारेमाप गोड खाऊन वजन वाढवू नये, हा मुद्दा वेगळा. पण चहातल्या चमचाभर साखरेने मावशीचं काही बिघडणार नव्हतं.

दुधाने स्तनाचा कर्करोग वाढतो, असं सिद्ध झालेलं नाही. काट. अंडी? पूर्ण शिजवलेली असली की उत्तम प्रथिन. काट. अशा करत करत आम्ही एकोणिसाव्या ओळीवर आलो. सोयाबीन बंद. आणि पुढे सांगणारा या रकान्यात माझं नाव.

मावशी माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही.

मी सांगितलं होतं, खरंच. खूप वर्षांपूर्वी, तिच्या मैत्रिणीसाठी तिने फोन करून विचारलं होतं तेव्हा. इस्ट्रोजेन या स्त्रियांच्या संप्रेरकावर स्तनाच्या बऱ्याच गाठी पोसतात, आणि सोयाबीनमध्ये त्याच्याशी थोडं साधर्म्य असलेली द्रव्यं असतात, म्हणून आम्ही आहारतज्ज्ञ मंडळी सरसकट ‘नको’ म्हणून मोकळे व्हायचो. पुढे २००९ साली शांघायमधल्या ५,०४२ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जेवणात सोया जास्त, त्यांच्यात आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण उलट कमी दिसलं. मी माझं मत बदललं, पण मावशीला फोन करून ते कळवायचं राहून गेलं. ती ओळ मी माझ्या हाताने खोडली. जेवणातलं सोयाबीन चालेल, सोयाच्या अर्काच्या गोळ्या मात्र नकोत, असं शेजारी लिहिलं.

मग पितळेच्या चवीकडे वळलो. खणात एक लाकडी चमचा होता, लोणी काढायचा. म्हटलं, आजपासून स्टीलचा चमचा बंद, याने खा. केमोमध्ये तोंडाला धातूची चव येते, तेव्हा धातूचा चमचा बाजूला ठेवून बघावा. गरम पदार्थाचा वास नकोसा होतो, म्हणून खाणं जरा निवू द्यावं. आणि पोटभर जेवणाच्या नादी न लागता दर दोन तासांनी चार घास. काका मागे उभे होते. त्यांनी विचारलं, “अंडं उकडायला किती वेळ लागतो?” वयाच्या सहासष्टाव्या वर्षी विचारलं! घरातल्या बाप्यांनो, हे आजारपणाची वाट न बघता शिकून ठेवा. असो. त्या संध्याकाळी मावशीने त्या लाकडी चमच्याने अख्खं अंडं खाल्लं, वर मिरपूड मागितली.

काचेपलीकडून पाच मिनिटं राहिल्याची खूण आलीय, तेव्हा उरलेलं भराभर सांगते.

त्या तेवीस ओळींत एक शब्द कुठेच नव्हता: दारू. खाण्यापिण्यात स्तनाच्या कर्करोगाशी ज्याचा संबंध सगळ्यात पक्का, ते हेच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक ठरवलं. रोज १० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे जेमतेम एक छोटा पेला, एवढ्यानेही मूळ धोका साधारण ७ ते १० टक्क्यांनी वाढतो. वाइन असो, बिअर असो, हिशेब एकच. मी चोविसावी ओळ लिहिली तर मावशी म्हणाली, “मी कुठे घेते?” म्हटलं, “तुझ्यासाठी नाही, तुझी यादी वाचणाऱ्यांसाठी.”

दुसरं, वजन. पाळी गेल्यानंतर शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं, म्हणून त्या वयात वाढलेलं वजन धोका वाढवतं. पण ऐन केमोत वजन उतरवायला जाऊ नका. तेव्हा प्रथिनं हवीत: डाळी, कडधान्यं, दूध, अंडी, मासे. कच्चं, अर्धकच्चं नको, कारण संसर्गाशी लढणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. आणि कसल्याही पूरक गोळ्या, काढे, चूर्णं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाहीत. दाखवल्याशिवाय नाहीत! ‘सुपरफूड’ लिहिलेल्या डब्यांवर माझा राग आहेच, पण तो पुन्हा कधीतरी.

आणि ज्या बायका रात्री पडल्या पडल्या विचारतात, मी काय चुकीचं खाल्लं म्हणून हे झालं? अमेरिकेत ३,०८८ रुग्ण स्त्रियांचा एक मोठा प्रयोग झाला, २००७ मध्ये निकाल आला. अर्ध्या जणींनी वर्षानुवर्षं भाज्या, फळं, तंतुमय पदार्थ भरपूर आणि स्निग्ध अगदी कमी असा आहार ठेवला. बाकीच्यांना चांगल्या आहाराची फक्त छापील माहिती दिली. आजार उलटण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. भाज्या खाव्यातच, हृदयासाठी, पोटासाठी. पण एखाद्या पदार्थाने हा आजार तुम्हाला आणला नाही. वय, आनुवंशिकता, संप्रेरकं, कितीतरी गोष्टी असतात, आणि कितीदा तर कारण सापडतच नाही.

मावशीची पुढची केमो ठरल्या दिवशी झाली. तो कागद तिने फेकला नाही. कारकून ती. तेवीस ओळींसमोर एकेक करून ‘निकाली’ लिहिलं, खाली तारखेसह सही ठोकली आणि कागद फाइलला लावला. माझ्या नावाच्या ओळीवर मात्र तिने लाल शाईत लिहिलंय: ‘विलंबाने निकाली’.

नमस्कार.