नुसतं ‘टक्’ वाजतंय, गाडी घेत नाही

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. सकाळचे साडेनऊ वाजलेत, शेजारच्या शेडमध्ये लेथ सुरू झालंय, चहावाला पोरगा ग्लास वाजवत चाललाय आणि ही समोर उभी आहे ती आमची गाडी. पेट्रोल, छोटी, बारा वर्षांची, भावाच्या गाडीला दोर बांधून ओढत आणलीय. चावी फिरवतो, ऐका हं.

टक्.

परत फिरवतो. टक्. आणि तिसऱ्यांदा तर तेही नाही.

तीन आठवड्यांपूर्वी पण असंच झालं होतं. तेव्हा एका ठिकाणी दाखवली, त्यांनी बॉनेट उघडलं आणि मीटर न लावता सांगितलं की बॅटरी गेली, नवी टाकली, पैसे गेले, आणि गाडी चार दिवस बरी चालली मग पुन्हा तेच. आता जो तो म्हणतोय सेल्फ गेला, नवा घेऊन टाक. मला ते पटेना म्हणून मी गाडी इथे आणली आणि सोबत कॅमेरा पण आणला, कारण हे मिस्त्री फॉल्ट कसा शोधतात ते लोकांनी बघायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. फळीवर ओळीनं सेल्फ मांडलेत, एका हातात मावेल असा छोट्या गाडीचा आणि कोपऱ्यात भोपळ्याएवढा ट्रॅक्टरचा. आपण सगळे त्याला सेल्फच म्हणतो, पुस्तकात स्टार्टर मोटर. काम एकच, इंजिन स्वतःच्या दमावर चालेपर्यंत त्याला दोन-चार गिरक्या मारून द्यायच्या.

पूर्वी हे काम माणूस करायचा. अ‍ॅम्बेसेडर, फियाट, जीप, पुढच्या बाजूनं लोखंडी हॅण्डल घालायचं आणि जोर लावून फिरवायचं, आणि जुने ड्रायव्हर शिकवायचे की अंगठा दांड्याला वळसा घालून धरू नको, चार बोटांच्याच बाजूला ठेव, कारण इंजिननं उलटा झटका दिला तर मनगट मोडतं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं विजेवर चालणारा सेल्फ तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये तो कंपनीतूनच बसून यायला लागला. आज आपण नुसतं बटण दाबतो, त्यामागे किती जणांचे मोडलेले हात आहेत.

आता मिस्त्रींकडे बघा. त्यांनी अजून पान्हा हातात घेतलेला नाही. मला गाडीत बसवलंय, हेडलाइट लावायला सांगितलेत आणि स्वतः गाडीपुढे उभे राहिलेत. “मारा सेल्फ.” मी मारला. लाइट जशीच्या तशी. “परत मारा.” तशीच.

ही परीक्षा घरी कुणालाही करता येते. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना साधारण 100 ते 200 अँपिअर करंट खेचतो आणि हेडलाइटचा एक बल्ब जेमतेम 5. म्हणजे सेल्फला खरंच करंट गेला तर लाइट थोडी तरी बसणारच. एकदम विझत आली तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे, नाहीतर सेल्फ आतून जाम झालाय. आणि लाइट हललीच नाही तर सरळ अर्थ असा की मोटरीतून करंट जातच नाहीये, वाटेत कुठेतरी तुटलंय. मग नवी बॅटरी टाकून काय होणार?

मग आवाज. मिस्त्री म्हणतात आवाजावरून निम्मं कळतं, आणि ते खरंच आहे. टकटकटकटक असं भराभर वाजलं की बॅटरीत दम नाही, सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा विजेनं ओढला जाणारा मोठा स्विच, ओढतो, व्होल्टेज पडतं, तो सोडतो, परत ओढतो. सेल्फ घरघर करत जोरात फिरतोय पण इंजिन हलत नाही, मग बेंडिक्स, म्हणजे सेल्फला इंजिनशी जोडणारा दातेरी भाग, स्लिप मारतोय. करकर दात खाल्ल्यासारखं झालं तर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, रिंगचे दात गेलेत, आणि गंमत म्हणजे ते सगळीकडून सारखे झिजत नाहीत, चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरलेल्या दोनच जागी थांबतं त्यामुळे तिथलेच दात मार खातात. काहीच वाजलं नाही तर रिले, फ्यूज, चावीचा स्विच, ज्या गाडीत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही तिथे क्लचखालचा स्विच, हे आधी बघायचं.

आणि आमचं? आमचं एकच टक्, ते पण कधी कधी. मिस्त्री मान तिरकी करून ऐकतायत. “वाजतंय, पर मरगळलेलं हाय.”

हा ‘मरगळलेलं’ शब्द माझ्या डोक्यात राहिला कारण त्यात सगळं उत्तर होतं. सेल्फच्या पाठीवर हा जो डबा दिसतोय तो सोलेनॉइड. त्यात दोन कॉइल असतात, एक खेचणारी, एक धरून ठेवणारी. दोघी मिळून लोखंडी दट्ट्या ओढतात, दट्ट्या एका बाजूनं बेंडिक्सचा पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, रिंगमध्ये ढकलतो आणि दुसऱ्या बाजूनं तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर दाबतो, मग मोटरला पूर्ण करंट. पण खेचणाऱ्या कॉइलचा अर्थ, म्हणजे करंट परत जायची वाट, मोटरीच्या कार्बनमधून जाते; कार्बन म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला टेकून करंट देणारे छोटे ठोकळे. कार्बन टेकत नसतील तर ती कॉइल मेली, धरणारी एकटी बिचारी जमेल तेवढं ओढते, म्हणून आवाज दुबळा.

आता मीटर. बॅटरी 12.5 व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. गाडी न्यूट्रलला, हॅण्डब्रेक ओढलेला. लाल पिन सोलेनॉइडमधून मोटरीत जाणाऱ्या बोल्टवर, आणि काळी पिन कुठे लावली बघा, बॅटरीच्या निगेटिव्हला नाही, सेल्फच्याच अंगाला, म्हणजे इंजिनचा अर्थ खराब आहे का तेही त्याच मापात कळतं. मी सेल्फ मारला. मीटरवर 12 च्या वर. करंट मोटरीच्या दारात येऊन उभा आहे, अर्थ पण चांगला आहे, आणि मोटर फिरत नाही. तिथे शून्याच्या जवळ काही दिसलं असतं तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत म्हटलं असतं. इथे मोटरीच्या आतच सर्किट तुटलंय.

खात्री करायला मिस्त्रींनी पान्ह्याच्या मुठीनं सेल्फच्या अंगावर हलकेच ठोकलं, मी चावी फिरवली, आणि गाडी चालू! भावानं टाळीच वाजवली. ठोकल्यावर झिजलेला कार्बन जरासा सरकून टेकतो, एवढंच. घाटात अडकलात तर घरी पोचण्यापुरती ही युक्ती ठीक आहे, पण हातोडीनं बडवू नका, बऱ्याच नव्या सेल्फमध्ये आत चुंबक चिकटवलेले असतात ते तडकतात.

गाडी बंद केली. आता खोलायचं. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, कारण सेल्फवर येणारी जाड केबल थेट बॅटरीची असते, चावी बंद असली तरी जिवंत, पान्हा बॉडीला लागला की ठिणग्याच. दोन बोल्ट, एक केबल, एक बारीक वायर, सेल्फ खाली आला. उघडायच्या आधी त्यांनी छिन्नीनं बॉडीवर आणि झाकणावर एक रेघ मारली, म्हणजे बसवताना तसंच बसेल.

कॅमेरा जवळ घ्या. झाकण निघालं आणि काजळीसारखी काळी धूळ टेबलावर सांडली, हीच कार्बनची भुकटी, बारा वर्षांची. चार कार्बन. नवा ठेवलाय शेजारी, जवळपास दीड सेंटिमीटर, आणि जुना करंगळीच्या नखाएवढा, स्प्रिंग कार्बनवर दाबायची सोडून होल्डरच्या कडेवर टेकून बसलीय. बाकी मोटर? आर्मेचर, म्हणजे मोटरीचा फिरणारा गाभा, चांगलं. टेस्ट लॅम्पची एक पिन शाफ्टला, दुसरी कम्युटेटरच्या, म्हणजे कार्बन जिथे घासतात त्या तांब्याच्या गोलाच्या, एकेका पट्टीला लावत गेले, दिवा लागला नाही, म्हणजे शाफ्टला शॉर्ट नाही.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं काम. नव्या कार्बनची तांब्याची वेणी, म्हणजे विणलेली वायर, सोल्डरिंगच्या जाड इस्त्रीनं डाग देऊन जोडायची, पण कथील वेणीत वर चढू द्यायचं नाही, चढलं की वेणी ताठ होते आणि कार्बन होल्डरमध्ये अडकतो. म्हणून मिस्त्री वेणी मध्येच पकडीत धरून ठेवतात, पकड उष्णता खाते आणि कथील तिथंच थांबतं. कम्युटेटर बारीक काचपेपरनं पुसला, पट्ट्यांमधला अभ्रक हेक्सा ब्लेडच्या तुकड्यानं जरासा खाली खरवडला. शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश बदलले, शाफ्ट हलत होता. बेंडिक्स हातात फिरवून बघितला, एका बाजूला फिरतो, दुसऱ्या बाजूला धरतो, ठीक. तो पेट्रोलमध्ये धुवायचा नाही, आतलं ग्रीस निघून जातं, नुसता फडक्यानं पुसायचा.

हे सगळं दोन तासांत. खर्च शेकड्यांत, नवा सेल्फ हजारांत गेला असता.

मधेच एक सांगतो, आपल्या भागात गरजेचं आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात इथल्या किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते आपण बघितलंय. पाण्यात बुडालेल्या गाडीला सेल्फ मारून बघू नका हो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग सेल्फचं नाही तर अख्ख्या इंजिनचं काम निघतं.

सेल्फ शिकंज्यात आवळला, जम्पर लावला, झुईं करून फिरला, पिनियन पटकन बाहेर आला. मग गाडीवर चढवला, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. “मारा.”

एका झटक्यात घेतली. मिस्त्री खूश नाहीत. “गरम झाल्यावर परत मारायची, तवाच खरं.” पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवली, चहा झाला, मग पाच वेळा चालू-बंद. पाचही वेळा घेतली, सेल्फ फिरताना मीटर 10.8 च्या खाली गेलं नाही. साडेनऊच्या खाली आलं असतं तर पुन्हा बॅटरी आणि केबली बघाव्या लागल्या असत्या.

ते चार जुने कार्बन मी मिस्त्रींकडून मागून घेतले, फडक्यात गुंडाळून गाडीच्या कप्प्यात ठेवलेत. ते आता ट्रॅक्टरचा तो भोपळा टेबलावर ओढून घेतायत.