द्राक्षाच्या पोटातली उष्णता

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'ग्राहकाच्या रुपयात बागायतदाराचे पैसे किती?' तो येणारच आहे. पण त्याआधी एक हिशोब चुकता करायचाय, 'कोल्ड स्टोअरेज' या शब्दाशी. टोमॅटो रस्त्यावर ओतला, कोल्ड स्टोअरेज बांधा. कांदा सडला, कोल्ड स्टोअरेज बांधा. निवडणूक आली, मग तर तालुक्याला दोन! कांद्याला हवा लागते कोरडी आणि खेळती, म्हणून तर आपण कांदाचाळी बांधतो. द्राक्षाच्या थंड-दमट खोलीत कांदा ठेवलात तर तो खोलीचंही नाव घालवील आणि स्वतःचंही. असो, कांद्यावर गेलो तर रात्र होईल.

मुद्दा असा की कोल्ड रूम थंड माल थंड ठेवते. गरम माल थंड करणं हे वेगळं काम आहे आणि त्याची यंत्रणाही वेगळी आहे. त्याला आपण प्रीकूलिंग म्हणतो, पॅकहाऊसमधली, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरतात तिथली पोरं नुसतंच 'पीसी' म्हणतात. या दोन कामांत गल्लत होते, तिथे पैसे जातात.

फेब्रुवारीतली नाशिकजवळच्या दिंडोरीकडची द्राक्षबाग डोळ्यांपुढे आणा. सकाळी दव वाळलं की तोडणी सुरू होते, तेव्हा मण्याच्या पोटात साधारण पंधरा-सोळा अंश असतात. हवेत नव्हे, पोटात. थर्मामीटरची सुई मण्यात खुपसून बघायचं. दुपारी एकला तोच मणी तीस-बत्तीसवर जातो. बत्तीसला तोडलेलं द्राक्ष क्रेटमध्ये, क्रेट ट्रॅक्टरवर, आणि ट्रॅक्टर कुठे? चहाच्या टपरीपाशी, उन्हात. ड्रायव्हर मात्र सावलीत.

द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, गोडी तिळभरही वाढत नाही. तोडताना सोळा-अठरा ब्रिक्स (गोडी मोजायचं माप) असेल तेवढीच. तोडल्या क्षणापासून फक्त घट सुरू होते, आणि ती आधी देठात दिसते. मणी टवटवीत असतो, तोवर देठ सुकून तपकिरी व्हायला लागलेला असतो. माल युरोपात गेला की तिकडचा खरेदीदार पनेट, म्हणजे प्लास्टिकची छोटी डबी, उघडून आधी देठच बघतो. आपण आंबा घेताना देठाशी नाक लावतो ना, तसं.

आता ही उष्णता आहे तरी किती? एक टन द्राक्ष तीस अंशांवरून दोनवर आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढ्यात वीस अंशांचं तीनशे लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे आंघोळीच्या पंधरा बादल्या कढत पाणी, एका टनात. एका कंटेनरला बारा-तेरा टन माल लागतो. कितीजणांच्या आंघोळी होतील ते घरी जाऊन मोजा.

ही उष्णता साध्या कोल्ड रूमनं का निघत नाही? हवा पेट्यांच्या भोवतीनं फिरते, पेटीतून जात नाही. पुठ्ठा, आत लायनर म्हणजे प्लास्टिकचं अस्तर, त्यात पनेट, पनेटमध्ये घड. ही तर गोधडीच झाली. प्रीकूलिंगमध्ये पेट्यांच्या दोन रांगा लावून मध्ये बोगद्यासारखी वाट सोडतात. वरून आणि एका टोकाकडून ताडपत्री, दुसऱ्या टोकाला पंखा. पंखा बोगद्यातली हवा ओढतो, त्यामुळे खोलीतल्या गार हवेला पेटीच्या भोकांतूनच आत शिरावं लागतं. दुसरी वाट नसते.

याची एक चाल आहे. हवा शून्य अंशाला असेल, तर बत्तीसचे सोळा व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढाच सोळाचे आठ व्हायला, आठाचे चार व्हायला, चाराचे दोन व्हायलाही तेवढाच. एक टप्पा दोन तासांचा धरला तर आठ तास झाले. पहिल्या दोन तासांत सोळा अंश उतरतात आणि शेवटच्या दोन तासांत फक्त दोन. म्हणून रात्री अडीच वाजता, बाहेर गाडी लागलेली असताना, चार-पाच अंश दिसले की ऑपरेटर म्हणतो, "झालं की!" झालेलं नसतं.

शिवाय त्यानं सुई कुठे खुपसली हेही बघा. बाहेरच्या बाजूची पेटी हाताशी असते आणि तीच सगळ्यांत आधी गार होते. हवा तिथून शिरून बोगद्याकडे जाते, म्हणजे बोगद्याकडच्या पेटीला पोचेपर्यंत ती कोमट झालेली असते. तापमान तिथल्या, मधल्या थरातल्या घडाचं घ्यायचं.

आणखी काय बिघडतं? ताडपत्रीला फट राहिली की हवा सोपी वाट धरते, पेटीत जातच नाही. वरच्या आणि खालच्या पेटीची भोकं जुळली नाहीत, तीच गत. लायनर भोकांवर दुमडला, तीच गत. हजारो रुपयांची वीज जाळून खोली गार आणि माल गरम.

पुढे येतो सल्फर डायऑक्साइडचा पॅड, ज्याला आपण सरसकट 'ग्रेप गार्ड' म्हणतो. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. ओल लागली की त्यातून वायू सुटतो आणि करड्या बुरशीला रोखतो. प्रीकूलिंग झाल्यावर पॅड घडांवर ठेवायचा, लायनर मिटायचा, पेटी बंद. माल अर्धवट गरम असताना मिटलात तर आत घाम धरतो आणि पॅड पंधरवड्याचा वायू दोन दिवसांत ओकून मोकळा होतो. मग देठाकडून मणी पांढरे पडतात आणि पुढच्या प्रवासात बुरशीला रान मोकळं. वर शिव्या कुणाला, तर पॅडच्या कंपनीला.

तोच प्रकार कंटेनरचा. रीफर, म्हणजे जहाजावर जाणारा वातानुकूलित कंटेनर, हा फ्रीज नव्हे, थर्मास आहे. गार हवा तळाच्या खाचांतून येते, मालातून वर जाते. आतल्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर पेट्या कोंबल्या की ती परत फिरायची वाट बंद. आणि पाच अंशांवर भरलेला माल तो शून्यावर आणील ही आशा धरू नये. पूर्वी सुएझमार्गे रॉटरडॅमला तीनेक आठवड्यांत माल पोचायचा, तेव्हा थोडं पाप झाकून जायचं. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि वर दहा-पंधरा दिवस चढले. पॅकहाऊसमधला अर्धा अंश तिथे कूज होऊन उगवला.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत, म्हणजे पाच. बरं, रुपया.

बागायतदार दोन तऱ्हांनी विकतो. एक, बागेवर ठरलेला दर. निर्यातदार तोडून नेतो, निवडीत नाकारलेला माल लोकलच्या भावानं जातो. दुसरी, अंतिम हिशोबाची. त्यात तिकडच्या विक्रीतून आयातदाराचं कमिशन, भाडं, पॅकिंग, कोल्डचा खर्च सगळं वजा होऊन उरेल ते बागेचं. बाकी सगळ्यांचे आकडे ठरलेले, शेवटचा तेवढा 'उरेल तो'. समजा शंभराला विकलं, खर्च साठ, उरले चाळीस. माल खराब निघाला म्हणून दहाचा क्लेम, म्हणजे भरपाईची कपात, लागला. तिकडे दहा टक्के, बागेत पाव हिस्सा गेला. माझ्या लेखी रुपयाच्या वाटणीत दलालापेक्षा हा क्लेम मोठा आहे.

क्लेम आला की विचारायचं, उष्णता कुठे शिरली? कंटेनरमधला लॉगर, म्हणजे तापमान नोंदवणारं यंत्र, पुढच्या प्रवासाचं सांगतो. मागचं कोण सांगणार? २००६ला 'ग्रेपनेट' ही निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी ऑनलाइन नोंदव्यवस्था आली, पेटी कुठल्या प्लॉटची हे कळतं. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांवरून युरोपात माल अडकला, तेव्हापासून रसायनांच्या अवशेषांच्या अहवालाला सगळे घाबरून असतात, आणि ते बरोबरच आहे. पण मण्याच्या पोटातल्या तापमानाचा कागद बागायतदाराच्या हाती क्वचित येतो. तीन आकडे मागा, वेळेसकट: क्रेट उतरवताना, पीसीला लावताना, पीसीतून काढताना.

एकच प्रश्न घेतो. हां, गावात पाच टनांची सोलर कोल्ड रूम घ्यावी का? विकणाऱ्याला किती टन मावतात ते विचारू नका, तीस अंशांचा माल दिवसाला किती किलो चारवर आणते ते विचारा. आणि उत्तर तोंडी घेऊ नका, कोटेशनवर लिहून घ्या.