एकतीस घरांची रास

श्रोतेहो, नमस्कार.

रब्बीची ज्वारी खळ्यावर आली की आमचे आजोबा रास मोजायला बसत. पहिल्या पायलीला त्यांनी कधी 'एक' म्हटलं नाही. 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत अजून असंच मोजतात. पुढे गणित शिकवायला लागलो तेव्हा मला याचं फार अप्रूप वाटलं, कारण मूळ संख्यांतही एकाला बाजूला ठेवतात आणि दोनापासून सुरुवात करतात.

आज त्याच ज्वारीचे दाणे घेऊ. अंगणात खडूनं घरं आखा. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चला. तीन घरांचे मिळून 7 दाणे, पाच घरांचे 31, सात घरांचे 127. या राशी सारख्या वाटता येत नाहीत; एकट्यानं सगळी न्यावी, नाहीतर प्रत्येकाला एकेकच दाणा. म्हणजे तिन्ही मूळ संख्या. मग वाटतं, घरं मूळ संख्येइतकी घेतली की झालं. पण अकरा घरांचे 2047 दाणे 23 जणांत 89-89 असे चोख वाटले जातात!

आता तेरा घरं. दाणे 8191. ही मूळ आहे का, हे बघायला सगळे आकडे लावून बघायचे? नाही. घरांची दुप्पट 26. हिला कापणारी मूळ संख्या असलीच, तर ती 26 च्या पाढ्यात एक मिळवूनच येते: 27, 53, 79. नव्वदच्या पुढं जायची गरज नाही, कारण 91 चा वर्ग 8191 च्या वर जातो. 27 स्वतःच मूळ नाही. 53 नं भागलं तर बाकी 29, आणि 79 नं भागलं तर 54. दोन भागाकारांत निकाल! वर्गात हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला होता.

एकतीस घरांचे दाणे होतात 214 कोटी 74 लाख 83 हजार 647. हजार दाण्यांचे तीस ग्रॅम धरले, तर ही रास 640 क्विंटलच्या वर भरते. ती सारखी वाटता येत नाही, हे लेओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञांनी 1772 साली सिद्ध केलं. 62 च्या पाढ्यात एक मिळवत 46,340 पर्यंत. डोळे तेव्हा जवळजवळ गेलेले होते त्यांचे.

2024 साली सापडलेली, तेव्हाची सर्वांत मोठी मूळ संख्या याच जातीची. तिची घरं 13 कोटी 62 लाख 79 हजार 841, आणि अंक चार कोटींच्या वर. सेकंदाला दोन अंक असे रात्रंदिवस वाचत गेलो, तर पाडव्याला सुरू केलेलं वाचन संपायला मार्गशीर्ष उजाडेल.

ती संगणकाकडे राहू द्या. तुम्ही सतरा घरं घ्या. दाणे 1,31,071. 34 च्या पाढ्यात एक मिळवत 362 पर्यंत जा. वाटेत मूळ संख्या चारच भेटतात: 103, 137, 239 आणि 307. मुलांना शेजारी बसवा, आणि चौघींनी भागून बघा.

नमस्कार.